दोन थरांमधली वाट

शिसपेन्सिलीचे टोक बोटावर चोळले की जी करडी, चकचकीत पूड लागते, ती ग्रॅफाइटची. कार्बनच्या षटकोनी जाळीचे त्यातले थर एकमेकांना इतके सैल धरून असतात की बोटाच्या दाबानेही सुटतात, आणि फोनची बॅटरी चार्ज होत असताना लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, याच थरांमधल्या जेमतेम ०.३३५ नॅनोमीटरच्या फटीत शिरून ती सुमारे दहा टक्क्यांनी रुंद करतात.

आर्गॉन हा निष्क्रिय वायू भरलेल्या पेटीच्या काचेतून बॅटरीतला पूर्ण चार्ज झालेला ग्रॅफाइटचा लेप मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा तो पितळेसारखा सोनेरी होता. दर सहा कार्बन अणूंमागे एक लिथियम बसला की ग्रॅफाइटला हा रंग येतो. त्याच्या निम्मे लिथियम असताना तो तांबडा दिसतो. मी बराच वेळ तिथून हललो नाही.

घन पदार्थात आयन रेंगाळतच जाणार, असे आपण सहज धरून चालतो. श्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेतील संशोधकांनी २०१७ मध्ये ग्राफीनचे, म्हणजे ग्रॅफाइटच्या एकेरी थराचे, केवळ दोन थर घेतले, इलेक्ट्रोलाइट (आयन वाहून नेणारा पदार्थ) त्यांच्या एकाच टोकाला ठेवला आणि उघड्या राहिलेल्या भागातून लिथियम कसे पुढे सरकते, हे विद्युत मोजमापांवरून टिपले. विसरण गुणांक, म्हणजे आयन किती झपाट्याने पसरतात याचे माप, दर सेकंदाला ०.००००७ चौरस सेंटिमीटरपर्यंत भरला. पाण्यात विरघळलेल्या मिठाचा गुणांक साधारण ०.००००१६ आहे, म्हणजे इथे घनाने द्रवाला चौपटीहून अधिक मागे टाकले!

मग चार्जिंगला इतका वेळ का लागतो? माझ्या मते अडचण वाटेत कमी आणि दारात जास्त आहे. अखंड थर भेदून आयन आरपार जाऊ शकत नाही; त्याला कडेनेच आत यावे लागते, तेही भोवती चिकटलेले द्रावकाचे रेणू सोडून आणि कणावर जमलेली पातळ साय ओलांडून. त्यात तांब्याच्या पत्र्यावर लेप दाबताना ग्रॅफाइटचे चपटे कण आडवे पडतात आणि आयनाला वळसे घालावे लागतात. म्हणून नैसर्गिक ग्रॅफाइटचे कण आधी गोलसर करून घेतात, तर काही प्रयोगांत लेपात लेसरने बारीक छिद्रे पाडतात.

थंडीत घाईने चार्ज केलेला बॅटरीचा एक घटही (सेल) मी उघडून पाहिला आहे. सोनेरी लेपाच्या काठाशी राखाडी, भुरभुरीत थर होता: आत शिरायला जागा न मिळाल्याने दारातच धातू होऊन बसलेले लिथियम.