दिवसाउजेडी दीपगृह

दीपगृह बघायला आपण जातो ती वेळ मुळात त्याची नसतेच. सकाळी निघायचं, दुपारी पोचायचं, उन्हं कलली की परत फिरायचं. रात्रपाळी करणाऱ्या माणसाकडे भरदुपारी जाऊन त्याच्या उशाशी फोटो काढण्यातला प्रकार.

अर्थात दिवसाही ते अगदीच बिनकामाचं नसतं. पांढऱ्या मनोऱ्यावरचे ते लाल किंवा काळे पट्टे शोभेसाठी नाहीत. उन्हात दिवा दिसत नाही, म्हणून पट्टे आडवे की उभे, की मनोऱ्याला वेटोळे घालत चढणारे, यावरून खलाशाने ओळखायचं की हा किनारा कोणता.

आतल्या जिन्याबद्दल फार बोलू नये. तो गोल असतो, संपता संपत नाही, आणि वरून उतरणारी माणसं ‘आता थोडंच राहिलं’ असं हसत हसत खोटं सांगतात. मात्र दम खायला थांबाल तेव्हा मधल्या पोकळीत डोकावा. पुष्कळ जुन्या मनोऱ्यांत इथून एक जड वजन लोंबत सावकाश खाली यायचं आणि त्याच्या ओढीने वरचं भिंग फिरायचं. दर काही तासांनी हँडल फिरवून ते वजन पुन्हा वर घ्यायचं, रात्रभर. कंटाळून चालायचं नाही. प्रत्येक दीपगृहाची ओळख त्याच्या झोतांमधल्या अंतराने ठरते. भिंगाची गती बिघडली, तर समुद्रावरच्या माणसाला ते भलतंच दीपगृह वाटायचं. यापेक्षा दिवा विझलेला परवडला.

वर पोचलो तर भिंगाच्या खोलीत पडदे ओढलेले! सुरुवातीला राग आला. पण कारण पटण्यासारखं आहे. जे भिंग आतला उजेड बाहेर फेकतं, तेच बाहेरचं ऊन आत एका जागी गोळा करतं, आणि त्याने आग लागू शकते. एका बाजूचा पडदा जरा सरकलेला होता. तिथून भिंग जवळून बघता आलं: पितळी चौकट, मधोमध फुगीर काच, तिच्याभोवती कड्यामागे कडं. काचेला किंचित हिरवट झाक. एका कड्याची कड नखाएवढी उडालेली. आणि त्या फुगीर काचेत समुद्र उलटा, आभाळ खाली.

ही कड्यांची युक्ती फ्रेंच शास्त्रज्ञ ऑगस्टिन फ्रेनेलची. अखंड भिंग करायचं तर ते अवजड होणार आणि त्याची जाड काच बराच उजेड स्वतःच गिळणार. त्याने मधली जाडी काढून टाकली, कामाचा वक्र पृष्ठभाग तेवढा कड्याकड्यांनी ठेवला. 1823 मध्ये फ्रान्सच्या कॉर्दुआं दीपगृहात असं भिंग पहिल्यांदा लागलं. चार वर्षांत, वयाच्या 39 व्या वर्षी, फ्रेनेल क्षयाने गेला. पुढे टनावारी वजनाची भिंगं पाऱ्याच्या कुंडात तरंगती ठेवू लागले. बोटाने ढकललं तरी फिरतील इतकी हलकी. पाऱ्याची वाफ विषारी, हे मात्र सोसायचं राखणदारांनी.

राखणदाराची गरज कमी करणाऱ्यांत स्वीडनचा गुस्ताफ डालेन मोठा. गॅसवर जळणाऱ्या दिव्यांसाठी त्याने केलेल्या झडपेत एक काळी कांडी असे. उजेड पडला की ती तापून वाढायची आणि गॅस बंद करायची. अंधारात आखडली की गॅस पुन्हा सुरू. दिव्याला दिवस-रात्र आपोआप कळू लागली. डालेनला 1912 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि त्याच वर्षी प्रयोगातल्या स्फोटात त्याची दृष्टी गेली. कुणी गोष्टीत लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, जरा अतिच झालं.

गच्चीवरचा वारा, खालचे खडक, टोप्या सांभाळणारी मंडळी हे सगळं ठीकच. पण दिवा लागल्यावर इथे थांबूनही फारसं काही हाती लागलं नसतं. वर-खाली जाणारा उजेड वळवून भिंग तो सरळ क्षितिजाकडे पाठवतं, त्यामुळे पायथ्याशी उभ्या माणसाला दिव्याखाली अंधार हे अक्षरशः खरं. तेव्हा पुढच्या खेपेला जिना नाही. किनाऱ्याकिनाऱ्याने दोन-तीन कोस लांब जायचं, काळोख पडू द्यायचा, आणि घड्याळ लावून दोन झोतांमधले सेकंद मोजायचे. दाराशी फलकावर लिहिलेला आकडा जुळतो का, ते तरी बघू.