अर्धी ओळ खाली

पेठेतल्या एखाद्या तालमीची गणेशोत्सवाची स्मरणिका उघडा आणि वर्गणीदारांच्या यादीचं पान डोळ्यांसमोर जरा तिरपं धरा. डाव्या-उजव्या रकान्यांच्या शिरोरेषा एका रेषेत असतील तर नजर सरळ घसरत जाते. नसतील तर पान एक खांदा पाडून उभं असल्यासारखं दिसतं. कोल्हापुरात यावर ठरलेलं उत्तर, 'चालतंय की!'

चालत नाही, कारण आपलं अक्षर दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यासारखं वरून लोंबतं आणि पानं मांडायचं सॉफ्टवेअर इनडिझाइन मोजतं तळाच्या बेसलाइनवरून, म्हणजे अक्षरं जिच्यावर टेकतात त्या रेषेवरून. शेजारच्या दोन फ्रेममध्ये, म्हणजे मजकुराच्या चौकटींत, अक्षरं १२ आणि १४ पॉइंट मापाची असतील, तर बेसलाइन जुळूनही शिरोरेषा वरखालीच राहणार. फॉन्ट बदलला तरी तीच गत. त्यातही पहिली ओळ जास्त फसवते. कंट्रोल-बी दाबून बेसलाइन ऑप्शन्स पाहा. तिथे मुळात 'असेंट' असतं, म्हणजे पहिली ओळ किती खाली बसायची हे फॉन्ट ठरवतो. तिथे 'लीडिंग', म्हणजे एका बेसलाइनपासून पुढच्या बेसलाइनपर्यंतचं अंतर, निवडलं की ते आपल्या हातात येतं.

लीडिंग 'ऑटो' ठेवू नये. ते आकाराच्या १२० टक्के असतं. १२ पॉइंटच्या मजकुरात कुणाचं नाव १८ पॉइंटचं केलं की त्या ओळीला १४.४ ऐवजी २१.६ मिळतात आणि खालचा सगळा रकाना सरकतो. मराठीला वर रफार-वेलांट्या, खाली उकार. १२ ला १६ बरं. ए-फोर पानाला चारही बाजूंनी १५ मिमी समास सोडला तर उंची उरते २६७ मिमी, म्हणजे जवळपास ७५७ पॉइंट. सोळाच्या ४७ ओळी बसतात, खाली पाचेक पॉइंट उरतात. ते राहू द्यावेत, तळाच्या ओळीचे उकार तिथे विसावतात. दोन रकान्यांत ५ मिमी अंतर धरलं तर प्रत्येकाची रुंदी ८७.५ मिमी.

खरी गंमत रंगीत चौकटीत. अध्यक्षांच्या मनोगताला पिवळी पार्श्वभूमी द्यायची म्हणून आत सगळीकडून ३ मिमी जागा सोडतात. ३ मिमी म्हणजे साडेआठ पॉइंट. मजकूर शेजाऱ्यापेक्षा अर्ध्या ओळीहून जास्त खाली गेला! वरून जागा सोडायचीच तर पुरी १६ पॉइंट सोडावी.

हे सगळं एका ऑब्जेक्ट स्टाइलमध्ये, म्हणजे फ्रेमच्या सेटिंग्जच्या साच्यात, बांधून ठेवावं. काहीच निवडलेलं नसताना त्या स्टाइलवर क्लिक झालं, तर पुढची प्रत्येक नवी फ्रेम ती स्टाइल घेऊनच जन्माला येते, तेवढं सांभाळावं. शेवटच्या रात्री आणखी चार वर्गणीदार येतातच. तेव्हा दोन अधिक चिन्हांची गल्लत करू नये. स्टाइलच्या नावापुढचं अधिक सांगतं, कुणीतरी फ्रेमशी हातानं खेळलंय. फ्रेमच्या कोपऱ्यातलं लाल अधिक सांगतं, नावं मावत नाहीत. ती पुढच्या रकान्यात न्यावीत, अक्षर ११ चं करू नये.