लॅपटॉप उघडण्यासाठी स्क्रू ड्रायव्हर घेताय? तुकडे मोजू नका, टोक बघा

कॉम्प्युटर-मोबाइल दुरुस्तीचा सेट घेताना बहुतेक जण डब्यातले तुकडे मोजतात. ११५ तुकड्यांचा सेट २४ तुकड्यांच्या सेटपेक्षा चांगला, असा सरळ हिशेब. हा हिशेब चुकतो. घरच्या दुरुस्तीत हाताला लागतात ती फार तर आठ-दहा टोकं. त्यातलं रोज लागणारं एक जरी मऊ स्टीलचं निघालं, तर लॅपटॉपच्या तळाचा एखादा स्क्रू असा घासतो की पुढे तो ड्रिलनेच काढावा लागतो.

लागतात कोणती? डेस्कटॉपच्या कॅबिनेटसाठी पीएच-२. पीएच म्हणजे फिलिप्स, आपलं अधिकच्या चिन्हासारखं स्टार टोक; २, १, ०, ०० असं माप लहान होत जातं. हा बिटच्या, म्हणजे हँडलमध्ये बसवायच्या सुट्या टोकांच्या सेटमधला वापरूच नका. त्यासाठी १०० ते १५० मिलिमीटर दांडीचा अखंड स्टार स्क्रू ड्रायव्हर वेगळा घ्या, कारण मदरबोर्डचे स्क्रू प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरच्या आडोशाला असतात आणि बिटचं जाड हँडल तिथवर पोचत नाही. नाशिकच्या टपारियाचा साधा ड्रायव्हर या कामाला पुरतो. लॅपटॉपच्या तळाला बहुतेक वेळा पीएच-० किंवा पीएच-००, एसएसडी (डेटा साठवणारी ड्राइव्ह) बसवायच्या छोट्या स्क्रूला पीएच-० किंवा पीएच-१. काही लॅपटॉपना सहा पाकळ्यांचा टॉर्क्स टी-५ लागतो. मॅकबुकच्या तळाला पाच पाकळ्यांचा पी-५, आयफोनच्या खालच्या बाजूला त्याचाच धाकटा भाऊ पी-२. आयफोन ७ पासून आत तीन पायांचा वाय-००० सुद्धा लागतो. निन्टेन्डो स्विच उघडायचा असेल तर वाय-०० हवा. पाच पाकळ्यांच्या स्क्रूत टॉर्क्सचं टोक कधीकधी बसल्यासारखं वाटतं, पण त्याला सहा पाकळ्या असतात. जोर लावला की स्क्रूचं डोकं गोल होतं.

आता मुख्य गोष्ट. स्क्रू घासतो तो जोर जास्त झाल्यामुळे कमी आणि टोक लहान पडल्यामुळे जास्त. पीएच-० च्या खाचेत पीएच-०० सुद्धा शिरतं, फिरवल्यावर थोडी पकडही येते, म्हणून माणूस फसतो. प्रत्यक्षात ते फक्त खाचेच्या मध्यावर टेकलेलं असतं. घट्ट स्क्रूवर ते उसळून बाहेर येतं आणि येताना खाचेच्या कडा कापून नेतं. म्हणून नेहमी मोठ्या मापापासून सुरुवात करा. मोठं शिरलं नाही तरच एक माप खाली या. बरोबर बसलेलं टोक खाचेत हलत नाही, आणि ड्रायव्हर आडवा धरला तरी स्क्रू टोकावर ताठ राहतो. जपानी कॅमेरे, प्रिंटर यांच्या स्क्रूवर कडेला एक बारीक ठिपका दिसला तर तो जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या मापाचा असतो. त्याची खाच स्टारसारखीच दिसते, पण फिलिप्सचं टोक त्यात तळापर्यंत जात नाही. व्हेसलसारख्या जपानी कंपन्यांचे ड्रायव्हर त्यासाठी मिळतात, आणि ते साध्या स्टार स्क्रूवरही छान चालतात.

स्टीलचं नाव बिटवर किंवा डब्यावर लिहिलेलं असतं. एस-२ (बिटसाठी वापरलं जाणारं कडक स्टील) असेल तर घ्या. क्रोम-व्हॅनेडियम मोठ्या ड्रायव्हरला ठीक, पण बारीक टोकांना ते एस-२ इतकं टिकत नाही. दोन्हीपैकी काहीच लिहिलेलं नसेल तर तो डबा खाली ठेवा. बारीक बिट्सचा मागचा षट्कोन ४ मिलिमीटरचा असतो, मोठ्यांचा पाव इंच म्हणजे ६.३५. पुढे सुटे बिट्स घ्यायचे असतील तर ४ मिलिमीटरचाच सेट ठेवा. आयफिक्सिट कंपनीचा ६४ बिट्सचा माको सेट याच मापाचा आहे.

हँडलच्या मागे स्वतंत्र फिरणारी टोपी हवीच. तर्जनीने टोपी दाबायची आणि अंगठा-मधल्या बोटाने दांडी फिरवायची. दाब जास्त, पिळ कमी. टोपी फिरत नसेल तर दाबणारं बोटच पिळाच्या आड येतं.

ठाणे-नवी मुंबईत बारीक टोकांचे चांगले सेट प्रत्येक हार्डवेअरच्या दुकानात मिळतीलच असं नाही. ऑनलाइन मागवता येतातच, पण हातात घेऊन बघायचं असेल तर दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा आणि पूर्वेकडे लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार गाठा. जाताना घरातले दोन-तीन स्क्रू पुडीत बांधून न्या, एक कॅबिनेटचा, एक लॅपटॉपचा. दुकानातच टोक बसवून बघा. चार कडा सारख्या धारदार आहेत का, टोक मध्यावर आहे का, हँडलमध्ये बिट डगडगतं का, एवढं दोन मिनिटांत कळतं.

आपल्याकडे खाडीची हवा आणि चार महिने पावसाळा, त्यामुळे जुन्या कॅबिनेटचे स्क्रू गंजून बसतात. तिथे टूथपिकच्या टोकाने गंज सोडवणाऱ्या तेलाचा एकच थेंब सोडा, पंधरा मिनिटं थांबा, मग आधी किंचित उजवीकडे पिळून नंतर डावीकडे सोडवा. स्प्रे थेट मशीनवर मारू नका, तेल बोर्डावर उडतं. लॅपटॉपच्या स्क्रूच्या आट्यांवर बऱ्याचदा निळा लेप असतो, तो पहिल्या वळणाला अडवतो. हट्टी स्क्रूच्या डोक्यावर गरम सोल्डरिंग आयर्न काही सेकंद टेकवलं की लेप मऊ पडतो. मात्र बॅटरीजवळ किंवा प्लास्टिकला लागून असलेल्या स्क्रूवर हे अजिबात करू नका.

टोकाला चुंबक असलेला चांगला, पडलेला स्क्रू उचलता येतो. एवढ्याशा चुंबकाने एसएसडीला काहीही होत नाही. रबरी मुठीवर मात्र स्थिर विजेसाठी भरवसा ठेवू नका. ए.सी.च्या कोरड्या खोलीत काम करताना बोर्डाला हात लावण्याआधी अर्थिंग असलेल्या धातूला स्पर्श करा. लॅपटॉपचं झाकण निघालं की पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढण्याचं. आणि डेस्कटॉपचा पॉवर सप्लाय तर उघडूच नका, प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये धोकादायक व्होल्टेज उरतं.

उघडण्यापेक्षा बंद करताना जास्त नुकसान होतं. तळाचे स्क्रू दिसायला सारखे, पण लांबीला वेगळे. आयफोनमध्ये लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर तो थेट बोर्डाच्या आतले ट्रेस, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या तांब्याच्या बारीक रेघा कापतो. कागदावर तळाचं चित्र काढा आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच चिकटपट्टीने लावून ठेवा. बसवताना आधी डावीकडे हलकेच फिरवा, आटे जुळल्याची बारीक टक् जाणवते, मग उजवीकडे. दोन मिलिमीटरचा स्क्रू टेकल्यावर आणखी जेमतेम पाव वळण, बस. त्यापुढे गेलात तर स्क्रू ज्यात बसतो ती प्लास्टिकमधली पितळी बुशच उपटून येते.