आक्काचं हॉटेल

रविवार, रात्री

मिरजेत माझ्या आजोळी चहाचं हॉटेल होतं आणि तिथं गाण्या-वाजवण्यातली माणसं बसायची, एवढं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "कोण कोण गायलं तिथं?" कोणी नाही. त्या बाकड्यांवर कुणी तान घेतलेली मला आठवत नाही. माणसं चहा प्यायची, बिड्या ओढायची, तावातावानं भांडायची आणि "आक्का, लिहून ठेवा" म्हणून चालू पडायची.

दुपारी मामाचा फोन झाला, तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय.

हॉटेल म्हणजे रस्त्याकडची एक खोली. मागं घर. गल्ल्यावर आजोबा, स्टोव्हपाशी आजी, शाळेतनं आल्यावर कपबशा विसळायला मामा. पाटीवर नाव आजोबांचं, पण सगळे म्हणायचे आक्काचं हॉटेल. उधारी कुणाला द्यायची हे आजीच ठरवायची आणि भजनी मंडळातल्या पेटीवाल्यापेक्षा हमालावर तिचा भरवसा जास्त.

सकाळी यायचे ते तंतुवाद्यं करणारे कारागीर. बोटांना लाख चिकटलेली, अंगावर लाकडाचा भुसा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा यंदा कसा आला, कुणाच्या सतारीला कुठल्या गावचं गिऱ्हाईक लागलं, याच गप्पा. त्यांच्यात बरेचजण पिढ्यान्‌पिढ्या हेच करणारे. मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. त्यातलं कुणी गाणारं नव्हतं, पण गवयाचा तंबोरा बरा बोलतो की नाही हे सांगणार तेच.

कधीमधी एखादा कारागीर तंबोरा घेऊन थेट हॉटेलात यायचा, कारण गिऱ्हाईक तिथंच चहा पीत बसलेलं असायचं. मग बाकड्यावरच जवारी काढणं सुरू, म्हणजे तार घुमावी म्हणून घोडी, तारा टेकतात ती पट्टी, घासून जमवणं. घोडीवर कानस हलकेच फिरवायची, तार परत चढवायची, तारेखाली सुताचा दोरा सरकवत न्यायचा. केसाएवढा पुढं, केसाएवढा मागं. आमचा पितळी स्टोव्ह भर्रर्र करत असायचा. आजी कुणी न सांगता त्याची हवा सोडायची. बाहेरनं सायकलची घंटी आली तरी कारागीर डोळे वर करून बघायचा. चारही तारा जमल्या, तंबोरा घुमायला लागला की गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि आजी म्हणायची, "झालं का? आता ह्यो परत पेटवायचं रॉकेल कुणाच्या खात्यावर मांडू?"

मला जे थोडंफार गाणं कळतं ते तिथं कळलं, असं मी म्हणतो. बायकोला ही बढाई वाटते. वाटू दे.

उरुसात हॉटेल रात्रभर चालू. किराणा घराण्याचे गवई उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब 1937 साली गेले. त्यांची कबर मीरासाहेब दर्ग्याच्या आवारातच आहे आणि त्यांच्या स्मरणार्थ उरुसात तिथं चिंचेखाली संगीतसभा होते. खाँसाहेबांना स्वतःला वाद्यांची दुरुस्ती यायची, त्यामुळं कारागीर त्यांच्याबद्दल घरातल्या माणसासारखं बोलायचे. पहाटे तीनला चहाला येणाऱ्यांत बाहेरगावचे साथीदार असायचे, पण खरा रंग भरायचे आपले श्रोते. अमक्यानं षड्ज कसा लावला यावरनं दोघांचं इतकं फाटलं की पुढं कितीतरी दिवस ते वेगवेगळ्या बाकड्यांवर बसायचे. "दोनात तीन", म्हणजे दोन चहा तिघांत, असं सांगायची सोय गेली, आजीचा धंदा वाढला.

हॉटेल बंद का पडलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. आजी थकली, मामाला नोकरी लागली. आता तिथं मोबाइलचं दुकान आहे.

2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मामानं पेढे वाटले. त्याचा काय संबंध, असं मामी म्हणाली. पण चहा कुणाचा पिऊन झाली ही वाद्यं, हा मामाचा मुद्दा. उधारीच्या वह्या त्यानं अजून माळ्यावर ठेवल्यात. आज तेच सांगत होता. परवा तो एका कारागिराकडं लेकीच्या तंबोऱ्याची जवारी काढायला गेला, तर तिथला पोरगा ओळख निघाल्यावर म्हणाला, "मामा, आमच्या आजोबांचं काय ऱ्हायलंय का बघा वहीत."

मामानं बघितलं. बावीस रुपये निघालेत. जवारीच्या पैशातनं वळते करून घ्यायचे का, यावर मामीचं आणि त्याचं सकाळपासनं वाजलंय.