शांघायमधील कांस्याचे आरसे: आधी इमारत तपासून घ्या

प्राचीन चिनी आरशांवरील पुराणकथा पाहायला शांघायला जाणाऱ्यांनी आधी हे लक्षात घ्यावे की, शांघाय संग्रहालयाचे कांस्यदालन आता पीपल्स स्क्वेअरच्या जुन्या इमारतीत नसून पूडोंगमधील पूर्व इमारतीत आहे आणि ते २०२४ मध्ये खुले झाले. आम्हाला घेऊन जाणाऱ्या मध्यस्थाने जुन्या दाराशी उतरवले. भर उन्हात दीड तास रांगेत काढल्यावर चूक कळली, आणि पूर्व इमारतीपर्यंत नेण्याचे त्याने ३०० युआन घेतले. पीपल्स स्क्वेअरहून मेट्रोची २ क्रमांकाची मार्गिका थेट विज्ञान-तंत्रज्ञान संग्रहालय स्थानकाला नेते, तेही मोजक्या युआनांत. खाजगी गाडी मुळीच करू नये. पासपोर्ट मात्र जवळ असावा.

या घोळामुळे आरशांसाठी जेमतेम तास उरला, म्हणून माझा सल्ला थोडा कठोर वाटेल: बाकीची दालने सोडून द्या. आरशाची तोंड पाहायची बाजू गुळगुळीत असते. सारे कोरीव काम पाठीवर, मधल्या दोरी ओवायच्या गाठीभोवती असते. पूर्वेचा निळा ड्रॅगन, पश्चिमेचा पांढरा वाघ, दक्षिणेचा तांबडा पक्षी आणि उत्तरेचे सर्पाने वेढलेले कासव ही चौकडी ओळखता आली नाही, तर हान काळातील (सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या हान राजवटीतील) सगळे आरसे एकसारखेच दिसतात.

पूर्व हान काळातील (म्हणजे हान राजवटीच्या उत्तरार्धातील), वू झीशूची जुनी कथा कोरलेल्या आरशासमोर मात्र मी घड्याळ विसरलो. शत्रू यूए राज्याचा राजा गोउज्येन याच्याशी तह करू नका, असे या मंत्र्याने वू राज्याचा राजा फूछाय याला परोपरीने विनवले आणि राजाने उलट त्यालाच तलवार पाठवून मरण पत्करायला लावले. आरशावर बैठकीवर बसलेला फूछाय आहे, पलीकडे गोउज्येन आणि त्याचा चतुर सल्लागार फान ली आहेत आणि या सर्वांपासून वेगळा, गळ्याशी तलवार धरलेला वू झीशू उभा आहे. वीतभर कांस्यात इतका संताप ओतलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही. वू झीशूचा मृतदेह नदीत टाकला गेला आणि छ्येनतांग नदीत उसळणारी भरतीची लाट म्हणजे त्याचाच कोप, अशी दंतकथा आहे.

पुढे शांघायजवळच्या सुझोउ शहरातले दोन दिवस सुखाचे गेले. तिथल्या बाजारात ‘अस्सल हान आरसा’ म्हणून दाखवलेली वस्तू मात्र घेऊ नका: नक्कल असेल तर पैसे बुडतील, अस्सल असेल तर १९११ पूर्वीची अशी वस्तू देशाबाहेर नेण्यास कायद्याने बंदी आहे.