आमची वाटचाल : डेटा गेला नव्हता

कोल्हापुरात आमच्या कॉम्प्युटर-सर्व्हरच्या लाइनमध्ये नवा पोरगा आला की पहिल्या महिन्यातच त्याला एक गोष्ट ऐकवली जाते. शिरोलीच्या एका फौंड्रीत एक जण बॅकअपचं सॉफ्टवेअर अपग्रेड करायला गेला आणि सगळा डेटा घालवून आला. तो 'एक जण' म्हणजे मी. आणि डेटा गेला नव्हता. सहा दिवस उशीर झाला, एवढंच खरं. फर्मला वीस वर्षं झाली म्हणून मुलगी म्हणाली, बाबा, आमची वाटचाल म्हणून पानभर लिहून द्या. पानभरात हे मावत नाही.

२००४ साली राजारामपुरीत नवव्या गल्लीत एका शटरच्या गाळ्यात आम्ही दोघांनी सुरुवात केली. दोघं पॉलिटेक्निकचे, एकाच बाकावरचे. असेंबल्ड पीसी, यूपीएसच्या बॅटऱ्या, टोनर रिफिल. टोनरची पावडर कॉलरवर बसायची आणि धुवून जायची नाही, त्यामुळे त्या काळातले माझे सगळे फोटो मळक्या कॉलरचे आहेत. बोलणं माझं, हात त्याचा. गिऱ्हाईक मी आणायचो, तो मागच्या टेबलावर स्क्रू ड्रायव्हर तोंडात धरून मशीन उघडून बसलेला असायचा. त्याचं अक्षर मोत्यासारखं. बॅकअपच्या टेपवर निळ्या मार्करनं 'सोम', 'मंगळ', 'शनि-१', 'शनि-२' अशी लेबलं त्यानं सुरू केली. आजही आम्ही तीच पद्धत ठेवली आहे, हे मान्य करायला मला काही वाटत नाही.

पहिलं मोठं काम दिलं अण्णांनी. शिरोली एमआयडीसीत त्यांची फौंड्री, म्हणजे धातू वितळवून पार्ट ओतायचा कारखाना. अण्णांना कॉम्प्युटर चालू करतासुद्धा येत नव्हता, पण बॅकअप काय असतो हे त्यांना मी न सांगताच कळलं. मी फळ्यावर चित्रं काढून समजावत होतो, ते मध्येच म्हणाले, "म्हंजे पॅटर्नची खोली भट्टीपास्नं लांब बांधायची. एवढंच न्हवं?" एवढंच. पॅटर्न म्हणजे पार्टचा लाकडी नमुना; तो जळाला तर कास्टिंग कशावरून ओतणार? वीस वर्षांत इंजिनिअर, सीए, बँकेचे मॅनेजर, कितीतरी लोकांना मी बॅकअप समजावला. असं एका वाक्यात कुणी पकडलं नाही.

२००६ मध्ये त्यांच्याकडे विंडोज सर्व्हर २००३ बसवला आणि सोबत एलटीओ-३ चा टेप ड्राइव्ह. एलटीओ ही बॅकअप टेपची जात, पुढचा आकडा पिढीचा. हल्लीच्या पोरांनी टेप बघितलेली नसते. तळहाताएवढी डबी, आत अर्धा इंच रुंदीची ६८० मीटर फीत, त्यावर ४०० जीबी. टेप आत ढकलली की आधी 'खट्', मग पुढचं टोक पकडतानाची घरघर, आणि मग तो एकसारखा शिट्टीसारखा आवाज. तो आवाज मध्येच तुटून पुन्हा पुन्हा सुरू झाला, की समजायचं सर्व्हर डेटा पुरेशा वेगानं देत नाही आणि टेप मागेपुढे धावतेय. ड्राइव्ह लवकर जातो त्यानं. मी ऑफिसच्या दारातूनच ओळखायचो. क्लीनिंग टेप ड्राइव्हनं मागितली की मगच घालायची, रोज दात घासल्यासारखी नाही, हेही जाता जाता सांगून ठेवतो. कित्येकांनी हेड घासून संपवले आहेत.

रोजची टेप अण्णांचे अकाउंटंट अ‍ॅक्टिव्हाच्या डिकीत टाकून घरी न्यायचे. एकदा ती डिकी मंडईत उघडी राहिली. टेप मिळाली, पण त्या दिवशी भागीदार म्हणाला, एन्क्रिप्शन लावू, म्हणजे टेपवरच्या डेटाला कुलूप. एलटीओ-३ मध्ये हार्डवेअर एन्क्रिप्शन नाही, ते एलटीओ-४ पासून आलं, म्हणून सॉफ्टवेअरमधून लावलं. २५६ बिटच्या कुलपाला किमान सोळा अक्षरांची पासफ्रेज, म्हणजे लांबलचक पासवर्ड, लागते. त्यानं टाइप केली, मी चहा सांगायला बाहेर गेलो होतो. वहीत लिही म्हटलं. लिहिली म्हणाला. ती वही त्याची होती.

२०१२ मध्ये तो वेगळा झाला. कारण पैशाचं होतं आणि नव्हतंही. शाहूपुरीत त्यानं स्वतःचं दुकान टाकलं आणि आमच्या दोन पतसंस्था पहिल्याच महिन्यात त्याच्याकडे गेल्या. वही अर्थातच त्याच्याबरोबर गेली. मला तेव्हा तिची आठवणही झाली नाही, कारण त्या पासफ्रेजची की, म्हणजे कुलपाची किल्ली, सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमध्ये साठवलेली होती आणि बॅकअप रोज हिरवा, म्हणजे यशस्वी, दिसत होता.

आता २०१५. सर्व्हर २००३ चा सपोर्ट १४ जुलैला संपणार होता. अण्णांच्या गिऱ्हाइकाचं, म्हणजे गाड्यांचे पार्ट घेणाऱ्या कंपनीचं ऑडिट त्याआधी होतं. नवा सर्व्हर आला २०१२ आर२ चा, सोबत एलटीओ-५ ड्राइव्ह. डीलर म्हणत होता एलटीओ-६ घ्या, लेटेस्ट आहे. मी नाही म्हटलं. तेव्हाचा ड्राइव्ह दोन पिढ्या मागची टेप वाचायचा, त्यापलीकडची नाही. एलटीओ-६ नं आमच्या एलटीओ-३ टेपा ओळखल्यासुद्धा नसत्या. त्या सबंध महिन्यात मी बरोबर घेतलेला हा एकच निर्णय, म्हणून जरा सविस्तर लिहिला.

बॅकअप सॉफ्टवेअरची आमची आवृत्ती इतकी जुनी होती की थेट नव्यावर उडी मारता येत नव्हती, मधली एक आवृत्ती टाकणं भाग होतं. त्यात जुना सर्व्हर ३२ बिटचा, नवी आवृत्ती ६४ बिटशिवाय चालत नाही. म्हणजे आधी जुन्याच मशीनवर मधली पायरी चढायची, मग कॅटलॉग (कुठल्या टेपवर काय आहे याची यादी) आणि डेटाबेस उचलून नव्या मशीनवर न्यायचा. सोमवारी फौंड्रीला सुट्टी, म्हणून जूनमधला दुसरा सोमवार धरला. शनिवारी रात्रीचा फुल बॅकअप तीन टेपांवर पूर्ण, हिरवा.

अपग्रेड साठ टक्क्यांवर थांबलं. अर्धा तास थांबलेलंच. मग 'डेटाबेस अपग्रेड करता आला नाही' असा निरोप, आणि ते स्वतःच माघारी वळलं. माघारी येताना जुनी आवृत्ती परत बसली, पण डेटाबेस कोरा. कॅटलॉग कोरा. कुठल्या टेपवर काय आहे हे त्याला काही आठवत नव्हतं, आणि कीही नाही. सुरू करण्याआधी कॅटलॉग आणि डेटा हे दोन फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्यायला दहा मिनिटं लागली असती. मी घेतले नव्हते. हे मी कुणाच्या माथी मारत नाही.

तरी डेटा सर्व्हरवर होताच, म्हणून मी घाबरलो नाही. म्हटलं, आधी फायली नव्या मशीनवर ओढून घेऊ, टेपांचं नंतर बघू. कॉपी लावली. सर्व्हरमध्ये रेड-५, म्हणजे चार डिस्क मिळून एक साठा. त्यातल्या एकीचा पिवळा दिवा कधीपासून लागला होता देव जाणे; रॅकचं दार बंद आणि बझर कुणीतरी 'डोकं उठतंय' म्हणून बंद केलेला. लाखो फायलींचा ताण आल्यावर रात्री साडेनऊला दुसरी डिस्क गेली. रेड-५ मधून एक गेली तर चालतं. दोन गेल्या की संपलं.

त्या क्षणी अण्णांचा चौदा वर्षांचा धंदा तीन टेपांवर होता. टॅली, ड्रॉइंग, प्रत्येक हीट नंबरमागचा (हीट म्हणजे भट्टीचा एक घाणा) स्पेक्ट्रोमीटरचा, म्हणजे धातूच्या तपासणीचा, रिपोर्ट. आणि त्या टेपांना कुलूप होतं.

अण्णांना फोन केला. लपवलं नाही, हे मुद्दाम लिहितो, कारण बाजारात सांगतात की मी दोन दिवस फोन बंद ठेवला होता. अण्णा म्हणाले, "डेटा हाय का न्हाई, एवढंच सांग." मी म्हटलं, आहे, पण किल्ली सापडत नाही. ते म्हणाले, "मग किल्ली हुडक. उद्याचं चलन हातानं फाडतो."

मी पासफ्रेज हुडकत बसलो. भागीदार कसा विचार करतो हे मला माहीत होतं. गल्लीचं नाव असणार, आकडा असणार. प्रत्येक अंदाजाला नवी की बनवायची, टेप लोड व्हायची, शोधायची, नकार द्यायची. एका खेपेला सहा-सात मिनिटं. पहाटेपर्यंत चाळीसेक झाले. राजारामपुरी, नऊ, आणि पहिल्या महिन्याचं भाडं पंधराशे, हे पहिल्या दहातच झालं होतं; मोजून सोळा अक्षरं. तेच असणार अशी माझी खात्री होती, म्हणून कॅपिटल-स्मॉल बदलून तेच परत परत.

तीन वर्षांत आम्ही बोललो नव्हतो. बुधवारी सकाळी फोन लावला. एका रिंगमध्ये उचलला.

"तू फोन केलास म्हणजे टेप अडकली."

"पासफ्रेज काय ठेवली होतीस?"

"आपली गल्ली आणि गाळ्याचं भाडं."

"पंधराशे टाकून बघितलं."

"पंधराशे नव्हतं रे. अठराशे होतं."

भाडं तोच नेऊन द्यायचा, मालक त्याच्या ओळखीचे. माझ्याकडून महिन्याला साडेसातशे घ्यायचा. मी टाइप करताना हिशेब केला, आणि मग टेप आत गेली, शिट्टी सुरू झाली, आणि कॅटलॉगची पहिली ओळ आली. (ही पासफ्रेज इथे छापतोय म्हणजे ती केव्हाच बदललेली आहे, उगाच कुणी प्रयत्न करू नये.)

पुढचे दोन दिवस आणखी एका मधल्या पायरीत गेले. हीट रजिस्टरचा डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर २००० चा, नव्या मशीनवर २०१२; तो थेट घेत नाही. आधी २००८ आर२ वर रिस्टोअर, म्हणजे बॅकअपमधून परत उतरवणं, तिथून बॅकअप, मग २०१२ वर. शनिवारी संध्याकाळी टॅलीचं ट्रायल बॅलन्स छापील कागदाशी जुळलं. एक व्हाउचर कमी नाही. ऑडिटही वेळेत पार पडलं.

पण सोमवारपर्यंत बाजारात बातमी होती की फौंड्रीचा डेटा उडाला. बुधवारचा फोन मी एकालाच केला होता. तो म्हणतो मी कुणाला बोललो नाही. असेल. त्याच्या दुकानातली पोरं ऐकत नव्हती कशावरून? वर्षभरात आमच्या सतरा एएमसीच्या, म्हणजे देखभालीच्या वार्षिक करारांच्या, नऊ झाल्या. ओम्नी विकली. दोन पगार दागिन्यांवर केले. कुणाच्या दागिन्यांवर हे घरी वाचलं जाणार आहे म्हणून लिहीत नाही. अण्णांनी मात्र त्या वर्षीची एएमसी जूनमध्येच, सहा महिने आधी भरली आणि चेकच्या मागं काही लिहिलं नाही, पुढं काही बोलले नाहीत.

मधली वर्षं बरी गेली. मे २०१७ मध्ये फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस आला तेव्हा कपाटातल्या टेपेला व्हायरस लागत नाही हे लोकांना पटलं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे बंद होता, तेव्हा अण्णांचा शनिवारचा सेट गावात वरच्या मजल्यावर कोरडा होता. पण न घडलेल्या गोष्टीची बातमी होत नाही.

१० ऑक्टोबर २०२३ ला २०१२ आर२ चाही सपोर्ट संपला आणि पुन्हा तेच काम समोर आलं. या वेळी एलटीओ-७ घेतला, कारण तो एलटीओ-५ वाचतो; ८ पासून दोन पिढ्यांची सवलत गेली, आणि हे डीलर सांगत नाहीत, तुम्ही विचारा. जुना सर्व्हर आहे तसा तीन महिने बाजूला ठेवला. कॅटलॉग, डेटाबेस आधी बाहेर. रेडच्या डिस्क दार उघडून डोळ्यांनी बघितल्या. पासफ्रेज कागदावर, कागद लाखेच्या पाकिटात, पाकीट गिऱ्हाइकाच्या तिजोरीत. आपल्या नाही, गिऱ्हाइकाच्या. आणि ३१ मार्चला जगभर बॅकअप दिन पाळतात म्हणून त्या दिवशी उत्साहानं कुणाच्या सर्व्हरला हात लावू नका. अकाउंट्सवाले मारतील. अपग्रेडला एकूण चार तास लागले, त्यातला एक तास जेवणाचा.

गेल्या महिन्यात एक मुलगा इंटरव्ह्यूला आला. मी विचारलं, अपग्रेडच्या आधी काय करशील? तो म्हणाला, "कॅटलॉगची कॉपी, सर. इथं एकानं घेतली नव्हती, फौंड्रीचा सगळा डेटा गेला." कुणी सांगितलं म्हटलं, तर म्हणे, सगळ्यांना माहीत आहे.

त्याला घेतला. पहिल्याच सोमवारी अण्णांकडे टेस्ट रिस्टोअरला पाठवला. अण्णा आता थकलेत, पण हीट नंबर तेच निवडून देतात. मी आधी फोन करून सांगून ठेवलं होतं, मे २०१५ मधला द्या. साडेअकराला मुलाचा फोन आला. "सर, मिळाला. स्पेक्ट्रोचा रिपोर्ट उघडतोय." मागून अण्णा कुणाला तरी चहा सांगत होते.

मी म्हटलं, "वरची तारीख वाच. मोठ्यानं."