ज्युनियर

परवा दुपारी केस कापायला बसलो होतो. आमच्या न्यू जर्सीतल्या पर्थ अँबॉयमधलं दुकान, न्हावी डॉमिनिकन, मूळचा सांतो दोमिंगोचा. एका बाजूचे केस कापून झाले होते, दुसऱ्या बाजूचे तसेच, आणि तेवढ्यात भिंतीवरच्या टीव्हीत बेसबॉलच्या सामन्यात न्यूयॉर्क मेट्सचा हुआन सोतो बॅटिंगला आला. झालं, कात्री थांबली. सोतोने पहिला बॉल सोडला. सोडला म्हणजे नुसता सोडला नाही; सोडून झाल्यावर गुडघे वाकवून, पाय घासत, पिचरकडे, म्हणजे बॉल टाकणाऱ्याकडे, रोखून बघत एक छोटासा नाचच केला. बॉलला हात न लावल्याचाही तोरा मिरवणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. न्हाव्याने कात्री टीव्हीकडे रोखली आणि जाहीर केलं, "या पिढीत याच्या तोडीचा कोणी नाही."

बाकावर एक व्हेनेझुएलाचा गृहस्थ आपल्या नंबराची वाट बघत होता. मोबाइलमधून मान वर न करता तो एवढंच म्हणाला, "आकुन्या."

मग काय विचारता. रोनाल्ड आकुन्याने 2023 साली 41 होम रन मारले (बॉल थेट कुंपणापार) आणि 73 बेस चोरले (पिचरचा डोळा चुकवून धावत पुढचा टप्पा गाठला). एकाच हंगामात 40 आणि 70 हे दोन्ही आकडे ओलांडणारा त्याच्याआधी कुणी झालाच नव्हता. न्हावी म्हणाला, सगळं खरं, पण गुडघे? 2021 मध्ये उजवा गेला, 2024 मध्ये डावा. व्हेनेझुएलावाला म्हणाला, गुडघ्याचं काय घेऊन बसलास, तुझ्या सोतोला मेट्सने 15 वर्षांचे 76.5 कोटी डॉलर दिलेत, त्या पैशात मीसुद्धा बॉल सोडून दाखवीन. कोपऱ्यात आईबरोबर आलेला एक पोरगा होता, त्याला कुणी विचारलं नव्हतं, तरी तो म्हणाला, पॉल स्कीन्स. पिट्सबर्गचा पिचर. 2025 मध्ये स्कीन्सने 10 सामने जिंकले आणि 10 हरले, म्हणून सगळे हसले. पोरगा बिचकला नाही. सर्वोत्तम पिचरला मिळणाऱ्या साय यंग पुरस्काराची पहिल्या पसंतीची झाडून सगळी मतं त्यालाच पडली, म्हणाला. पिट्सबर्गवाले रनच काढत नाहीत, त्याला तो काय करणार?

मुद्दा बिनतोड होता. मी अर्ध्या डोक्याने मान डोलावली.

पोरगा पुढे मोबाइल काढून 'वॉर'चे आकडे वाचायला लागला, तिथे मात्र माझं लक्ष उडालं. हा माझा जुना राग आहे. एखादा सटरफटर बदली खेळाडू घेतला असता तर त्या मानाने या माणसाने किती सामने जास्त जिंकून दिले, त्याचा हा हिशेब. तो दशांशात असतो. अमुक याच्यापेक्षा तमुक 0.3 सामन्यांनी सरस. 0.3 सामना म्हणजे कुठला? नऊ इनिंगांपैकी तिसऱ्या इनिंगपर्यंतचा? वाद घालायचा तर घसा बसेपर्यंत घालावा, त्यात दशांश चिन्ह कशाला आणायचं?

त्यापेक्षा माझं डोकं दुसरीकडेच गेलं. या पिढीतले अर्धे लोक 'ज्युनियर' आहेत. आकुन्या ज्युनियर, तातीस ज्युनियर, गरेरो ज्युनियर, विट ज्युनियर. जर्सीवर पाठीमागे चक्क 'ज्यु.' शिवलेलं असतं. तातीसच्या बापाने एप्रिल 1999 मध्ये एकाच इनिंगमध्ये दोन ग्रँड स्लॅम, म्हणजे तिन्ही बेसवर माणसं असताना होम रन, मारले, तेही एकाच पिचरला. ज्युनियर तेव्हा जेमतेम चार महिन्यांचा होता. व्लादिमिर गरेरोचा बाप तर हॉल ऑफ फेममध्ये आहे. बॉबी विटचा बाप पिचर होता, पोराने बॅट धरली आणि 2024 मध्ये .332 च्या सरासरीने (हजार प्रयत्नांत 332 हिट, असा तो हिशेब) मेजर लीगच्या दोन भागांपैकी अमेरिकन लीगमध्ये पहिला आला. बापाने बॉल टाकायचे आणि पोराने तडकवायचे, असं त्यांच्या परसात चालत असणार.

आपल्याकडे बापाचं नाव मधोमधच असतं, त्यामुळे 'ज्युनियर' लावायची सोय नाही. पण वादात बाजू मात्र बापाकडूनच येते. माझी आली.

आम्ही गिरगावात, चाळीत. 1980 च्या आसपासची गोष्ट. चाळीत जगातल्या कुठल्याही विषयावर दोन मतं असत, फक्त सुनील गावसकरवर एकच होतं. चिखलवाडीतला मुलगा, चालत गेलं तर घर दिसेल एवढ्यावर. 1971 मध्ये वेस्ट इंडीजमध्ये जाऊन पहिल्याच मालिकेत 774 धावा केल्या, त्या चार टेस्टचे स्कोअर आमच्या तळमजल्याच्या नानांना परवच्यासारखे पाठ होते. आणि अशा चाळीत दुसऱ्या मजल्यावर एक माणूस गुंडाप्पा विश्वनाथवाला होता. तो माझा बाप.

का, ते अण्णांनी कधी सांगितलं नाही. बंगलोरशी आमचा काडीचा संबंध नाही. फार छेडलं तर ते तळहात उघडा धरून मनगट नुसतं फिरवून दाखवत. तो विश्वनाथचा स्क्वेअर कट. तेवढंच त्यांचं स्पष्टीकरण. नाना म्हणायचे, "अहो, कट काय चाटायचाय? आकडे बघा की." आकड्यांत अण्णा हरायचे. कायमच हरायचे. नळावर बादली भरेपर्यंत हा वाद चाले आणि बादली भरली की पुढच्या बादलीला पुन्हा पहिल्यापासून. आई एकदा गॅलरीतून ओरडली होती, "तो विश्वनाथ गावसकराच्या बहिणीचा नवरा आहे! ते दोघे एका पंक्तीला जेवतात आणि तुम्ही इथे पाण्यावरून भांडताय." गावसकरने तर मुलाच्या नावातसुद्धा विश्वनाथला जागा दिली आहे, रोहन जयविश्व. हे नानांना ठाऊक होतं, पण ते पुरावा म्हणून धरत नसत.

आणि मग फेब्रुवारी 1980 आला. वानखेडेवर इंग्लंडविरुद्धची एकुलती एक टेस्ट, बीसीसीआयच्या सुवर्णमहोत्सवाची, कप्तान विश्वनाथ. इंग्लंडची 5 बाद 58 अशी वाताहत झालेली. बॉथम आणि बॉब टेलर खेळत होते. टेलरला अंपायरने विकेटकीपरच्या हाती झेलबाद दिलं, तो निघाला, आणि विश्वनाथने अंपायरला सांगून त्याला परत बोलावलं. पुढे त्या दोघांनी 171 ची भागी केली आणि इंग्लंडने मॅच दहा विकेट्सनी खिशात घातली.

त्या संध्याकाळी अण्णा नळावर जाणार नाहीत अशी आमची सगळ्यांची खात्री होती. ते गेले. मी मुद्दाम मागोमाग गेलो. नाना हात कमरेवर ठेवून तयारच होते. म्हणाले, "काय हो, घातलीत ना मॅच?" जसं काही टेलरला अण्णांनीच हाक मारली होती. आजूबाजूची मंडळी थांबली. अण्णांनी बादली नळाखाली सरकवली, तोटी सोडली आणि म्हणाले, "तो आउट नव्हता."

एवढंच. पाणी वाहायला लागलं, बादली भरली, ते वर आले.

त्यामुळे असेल, पण इथे आल्यावर ट्राउट आणि हार्पर यांच्यात निवडायची वेळ आली तेव्हा मला फार विचार करावा लागला नाही. 2012 सालचा उन्हाळा. दोघेही पोरसवदा, दोघेही आपापल्या लीगचे रूकी ऑफ द इयर, म्हणजे सर्वोत्तम नवखे, ठरले, आणि ऑफिसात कॉफीच्या मशीनपाशी दुसरा विषय नाही. ब्राइस हार्पर लास वेगासचा, सोळाव्या वर्षी मोठ्या मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकलेला, शाळा लवकर उरकून कॉलेजात खेळायला गेलेला, 2010 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, पहिला. माइक ट्राउट आमच्या न्यू जर्सीतल्या मिलव्हिलचा. 2009 चा ड्राफ्ट सिकॉकसला झाला, तिथल्या टीव्ही स्टुडिओत सूट घालून स्वतः हजर राहिलेला तो एकटाच खेळाडू. नावं पुकारली जातायत, आपलं येत नाही, आणि कॅमेरा समोर आहे. चोवीस नावं झाली. चोविसावं नाव लॉस एंजलिसच्या एंजल्स संघाने घेतलं, तेही दुसऱ्याच कुणाचं. पंचविसावी निवडही एंजल्सचीच होती, तेव्हा कुठे हा उठला.

तीन वेळा एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू, झाला पुढे. पण अख्ख्या कारकिर्दीत प्लेऑफचे सामने खेळला तीन, 2014 मध्ये, आणि तिन्ही हरला. हार्परला दोन एमव्हीपी, शिवाय 2022 ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, तीही हरलेली. गंमत म्हणजे हार्पर वॉशिंग्टन सोडून फिलाडेल्फियाला गेला त्याच वर्षी, 2019 मध्ये, वॉशिंग्टनने वर्ल्ड सिरीज जिंकली. आणि त्या संघात कोण होता, तर आमच्या न्हाव्याचा सोतो, ऐन मालिकेत एकवीस वर्षांचा झालेला. दुखापतींनी ट्राउटची मधली कित्येक वर्षं खाल्ली. फिलाडेल्फियाचा एक सहकारी मला अजून चिडवतो. माझा कौल ट्राउटलाच आहे. आकडे काढू नका, मनगट फिरवून दाखवीन.

या सगळ्या वादांचा मूळपुरुष मात्र 1950 च्या दशकातल्या न्यूयॉर्कमध्ये आहे. एका शहरात तीन संघ आणि तिन्हींचे सेंटर फील्डर (मैदानात मागे मधोमध उभे राहणारे) असे की कुणालाही दुसरा म्हणवत नाही: जायंट्सचा विली मेज, यांकीजचा मिकी मँटल, ब्रुकलिन डॉजर्सचा ड्यूक स्नायडर. तुमचं मत विचारायचं कारणच नव्हतं, कुठे राहता ते सांगितलं की पुरे. 1957 च्या हंगामानंतर जायंट्स आणि डॉजर्स दोघेही कॅलिफोर्नियाला निघून गेले आणि वाद घालणारे तेवढे मागे राहिले. मेज आणि मँटल दोघांचा जन्म 1931 चा, पदार्पण 1951 चं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दोघे वर्ल्ड सिरीजमध्ये समोरासमोर आले.

दुसरा सामना, यांकी स्टेडियम. मेजने उजव्या बाजूच्या मधल्या पट्ट्यात उंच बॉल मारला. एकोणीस वर्षांचा मँटल उजवीकडून धावत सुटला. सेंटरला जो डिमॅजियो, त्याचा तो शेवटचा हंगाम; त्याने बॉल आपला म्हणून सांगितलं. मँटल थबकायला गेला आणि बुटाचे खिळे मैदानातल्या गटाराच्या झाकणात अडकले. उजवा गुडघा गेला. झेल डिमॅजियोने घेतला. एका झेलात तिघे होते, आणि पिढीतला सर्वोत्तम कोण या प्रश्नाचं निम्मं उत्तर बहुधा तिथेच त्या झाकणाने देऊन टाकलं.

मँटलचा बाप मट, ओक्लाहोमातल्या शिशा-जस्ताच्या खाणीत कामाला. मुलाचं नाव त्याने आपल्या आवडत्या कॅचरवरून, मिकी कॉक्रेनवरून ठेवलं होतं. मुलगा दोन्ही हातांनी बॅटिंग करायला शिकावा म्हणून कामावरून आल्यावर हा उजव्या हाताने बॉल टाकायचा, आजोबा डाव्या हाताने. दुसऱ्या दिवशी मुलाला लेनॉक्स हिल हॉस्पिटलात न्यायला तोच टॅक्सीत बरोबर होता. उतरताना मिकीने आधाराला बापाच्या खांद्यावर भार टाकला आणि बाप फुटपाथवर कोसळला. कॅन्सर होता. घरी त्याने कुणाला कळू दिलं नव्हतं. दोघांना एकाच खोलीत शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या, आणि उरलेली सिरीज त्यांनी तिथेच टीव्हीवर बघितली. यांकीज 4-2 ने जिंकले. मट मँटल पुढच्या मे महिन्यात गेला, चाळीस वर्षांचा होता. मुलगा त्यानंतर 17 हंगाम खेळला, त्याच गुडघ्यावर.